अर्थिंगच्या खड्ड्याला पाजलेलं पानी

मी शिरूर कासारकडचा. मपले मायबाप ऊस तोडायला जायचे, दसरा झाला की बिऱ्हाड गाडीत भरायचे अन् मला आज्जीपाशी ठिवायचे, म्हनून मी शिकलो, बीडला आयटीआय केलं अन् सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रात मीटरचं काम बघायला लागलो. काय सांगू तुमाला, आमच्या आख्ख्या घरात पगारावर लागलेला पहिला मानूस मीच. माय लई दिवस दिसंल त्याला धरून सांगायची, पोरगं सावलीत बसून काम करतंय म्हनून.

केंद्रात दुधाच्या आठ टाक्या. परत्येक टाकीत थंडी मोजायची एक सळई, तिची वायर भिंतीवरच्या डब्यात आलेली. डबा आठी टाक्यांचे आकडे एकामागं एक घ्यायचा अन् कागदावर छापायचा. मोठ्या डेअरीचा साहेब दुधाची गाडी घेऊन यायचा, कागद बघायचा, चार डिग्री असलं तर दूध न्यायचा, न्हाईतर न्हाई.

मग दुष्काळ पडला. जनावरं काही छावनीला गेली, काही बाजारात गेली, सात टाक्या बंद. त्यांच्या सळया मी काढल्या, वायरी तशाच लोंबत ऱ्हायल्या. तर त्या बंद टाक्यांवर बी डबा चार डिग्री दाखवायला लागला. समदे हसले, भूत दूध पितंय म्हने. आमी बौद्ध मानसं, भूतबित मानीत न्हाई, मी वायरी धुंडल्या. उघड्या वायरीवर शेजारच्या टाकीचा आकडा रेंगाळतो बघा, टोकं एकमेकाला जोडून टाकली की गप बसतो. तसं केलं, गप बसला. पन भरलेल्या टाकीचा आकडा काही जागेवर ऱ्हाईना. हातातला थर्मामीटर म्हनायचा चार अन् डबा म्हनायचा नऊ, कधी अकरा.

तीन दिवस डोकं खाजवलं. थंड करायची मोटर बंद केली की आकडा बरोबर, चालू केली की वर. पन कागद चालू मोटरीवरच छापायचा, असा डेअरीचा नियम. शेवटी कळलं, अर्थिंगचा खड्डा वाळला व्हता. मोटरीचा चुकार करंट जमिनीत जायचा, तो जाईना, वायरीत शिरून आकडा फुगवायचा. खड्ड्यात मीठ-कोळसा असतोय, त्याला पानी लागतं. अन् पानी कुठून आनू! गावाला आठ दिवसाला टँकर. चेअरमन म्हनले, बे, बाया घागरीसाठी भांडायल्यात अन् तू जमिनीला पाजतो? त्यांचं बी खरंच व्हतं.

मग मी घरचे दोन हंडे न्यायला लागलो. शोभा, मपली बायको, पहिल्या दिवशी म्हनली, लेकीची आंघूळ ऱ्हायली अन् खड्ड्याला कावून? मी म्हनलो, आकडा बरोबर न्हाई आला तर समद्यांचं दूध नासंल, केंद्र बंद पडंल. दुसऱ्या दिवसापून तिनंच हंडे भरून दाराशी ठिवले. बाया तिला तोंडावर म्हनायच्या, तुझा नवरा येडा झालाय. पानी वतलं की आकडा चारावर यायचा, अन् दिवस मावळायच्या आत जमीन पिऊन टाकायची, पुन्यांदा वर. लेकीच्या अंगावर घामोळं उठलेलं मला दिसायचं, लई लाज वाटायची.

अन् एका हप्त्याला टँकरच आला न्हाई. घरात एक कळशी व्हती, प्यायची. शोभानं ती बी पुढं केली, न्या म्हनली. मीच न्हाई उचलली.

त्या दिवशी कागदावर अकरा. मी हात जोडले, साहेब, ह्यो थर्मामीटर घ्या, तुमच्या हातानं बुडवा. त्यानं बुडवला. म्हनला, चार हाय, दिसतंय मला, पन वर कागद दाखवावा लागतो. गाडी रिकामी गेली. दुसऱ्या दिवशी बी रिकामी गेली. तिसऱ्या दिवशी दूध नासलं, चेअरमन म्हनले, सोड कॉक. मीच सोडला. उतार खड्ड्याकडं व्हता, समदं दूध तिकडं गेलं. दुपारून आत येऊन बघतो तर डबा एकतीस दाखवायला, रिकाम्या टाकीची गरमी. थर्मामीटर लावला, एकतीस. मोटर चालू केली तरी आकडा जागचा हालला न्हाई, खड्डा दुधानं भिजला व्हता. मी तिथंच खाली बसलो अन् रडलो.

केंद्राला कुलूप लागलं ते अजून हाय. मी आता गेवराईला लोकांच्या बोअरच्या मोटरी दुरुस्त करतो, पोट भरतंय, लेक शाळेत जाती, तुमच्या बी लेकराबाळांचं भलं होवो. शोभा अजून म्हनती, एका कळशीनं काय झालं असतं वो. मला ठाव हाय, घंटाभर तरी आकडा चारावर ऱ्हायला असता, अन् साहेब तर पाव घंटाच थांबायचा. पन मी तिला म्हनतो, व्हय, काय झालं असतं.