मेमचं स्तोत्र

(नेदरलँड्सच्या फ्रिसलंड प्रांतातलं एक गाव. घरची बोली फ्रिजियन, शाळेची नि चर्चची भाषा डच; आईला इथे ‘मेम’ म्हणतात. चर्चमधून परतलेल्या दोघी बहिणी, चहाला.)

हिस्के : घे, साखरपाव घे. गळा जपायला हवा ना आता!

आउक्ये : ताई, मी पाद्रीबुवांकडे मागायला गेले नव्हते.

हिस्के : छे! तीस वर्षं कॅनडात राहिलीस, तीन आठवड्यांपूर्वी उतरलीस, आणि पुढच्या रविवारी मेमचं स्तोत्र एकटी गाणार तू. आपल्या भाषेतली उपासना वर्षातून एकदा होते, आणि बावीस वर्षं त्या बाकावर गाणारी मी काय, खोकायला?

आउक्ये : ते म्हणाले, माझे शब्द जुने आहेत.

हिस्के : जुने! मी किल्लीला डचांसारखं ‘स्लॉटल’ म्हटलं, तू ‘काइ’ म्हणालीस, की बुवांचे डोळे भरले. अगं, तुझी फ्रिजियन ट्रंकेत घडी घालून ठेवलेली. माझी रोज वापरली, धुतली, विरली.

आउक्ये : मग तूच गा.

हिस्के : दान नको मला. सगळं तुलाच मिळालं. आईसुद्धा.

आउक्ये : मेम? ती शेवटच्या दिवसापर्यंत तुझ्याजवळ होती!

हिस्के : होती ना. आणि दर रविवारी दार लोटून तुला चार-चार पानं लिहायची. मला काय? ‘हिस्के, बादली आण.’

आउक्ये : वाचलंस कधी एखादं?

हिस्के : दुसऱ्याची पत्रं मी वाचत नाही. एकदा पाकीट उजेडात धरलं होतं, तेवढंच.

आउक्ये : हे घे, पर्समध्येच असतं. मोठ्यानं वाच.

हिस्के : ‘प्रिय कन्येस. परमेश्वराच्या कृपेने आम्ही सर्व कुशल असून आपलेही क्षेम चिंतितो...’ हे तर डच! ‘आपलेही’? तुला?

आउक्ये : सगळी अशीच. आपली भाषा लिहायला तिला शाळेत शिकवली होती कुणी? तीस वर्षं मला पत्रं आली, ताई, मेम आलीच नाही. तुझ्यावर ती आपल्या बोलीत ओरडत असेल, या विचारानं मी तिकडे जळायचे.

हिस्के : ओरडण्यावर जळायचीस? वेडी कुठली.

आउक्ये : हसू नकोस. डच पुस्तकातलं ते स्तोत्र ती दूध काढताना आपल्या बोलीत म्हणायची ना, त्याचे शब्द आहेत माझ्याकडे. चाल गेली. बुवांना सांगायची लाज वाटली.

हिस्के : चाल आहे माझ्याकडे, शब्द तर निम्मे डच झालेत... म्हण बघू पहिली ओळ.

आउक्ये : आत्ता? बरं... (ओळ भरभर म्हणते.) कशी वाटली?

हिस्के : अगं, हळू. इतक्या घाईनं गाय बिथरेल.