पाण्यावर तरंगलेला कण

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आमच्या रुग्णालयाचे आजी-माजी वरिष्ठ, घशाच्या विभागाचे मोठे डॉक्टरसाहेब, तपासणी विभागातले माझे जुने सोबती, समोर बसलेले सगे-सोयरे आणि पाहुणे मंडळी, आणि जिला निवृत्तीचा निरोप द्यायला आज हा हॉल खच्चून भरलाय ती आमची डॉक्टर बाई! एकेरी तोंडातून निसटलं, माफ करा. वयाने मी मोठा, हुद्द्याने त्या मोठ्या. तीस वर्षं या दोन्हींचा मेळ घालण्यातच गेली.

तो माईक जरा खाली करता का? हां, बस. निवृत्त झाल्यापासून माझी उंची कमी होत चाललीय, असं आमची सौभाग्यवती म्हणते. आवाज मात्र वाढलाय, असंही म्हणते.

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्याआधीच्या वक्त्यांनी बाईंच्या पदव्या सांगितल्या, निबंध सांगितले. त्यातलं मला काही कळत नाही. मी या विभागात आलो तो काचपट्ट्या धुवायला. शाळा नववीत सुटली. धुता धुता पाहत गेलो, पाहता पाहता हात चालवत गेलो, आणि एक दिवस काप काढायच्या यंत्रावर बसलो तो निवृत्तीलाच उठलो. तेव्हा मी सांगणार ते एका काप काढणाऱ्याच्या तोंडून ऐका.

पाहुणे मंडळींपैकी अनेकांना वाटत असेल, ही बाई नक्की करायची काय? कुणाला इंजेक्शन दिलं नाही, कुणाच्या छातीला नळी लावली नाही. पेशंटने तिचं तोंडही पाहिलेलं नसतं. मग? अहो, गाठ हाताला लागते, फोटोत दिसते, पण ती गाठ गरीब आहे की घरबुडवी, हे कोण सांगणार? तिचा एक तुकडा आमच्याकडे यायचा. आम्ही त्यातलं पाणी काढून त्यात मेण भरायचो, त्याची वडी पाडायचो आणि त्या वडीचे काप काढायचो. इतके पातळ की केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस मावतील. तो काप कोमट पाण्यावर सोडायचा, सुरकुती गेली की काचेवर अलगद उचलायचा आणि रंगवायचा. जांभळा आणि गुलाबी, दोनच रंग. पण त्या दोन रंगांत बाईंना अख्खी वस्ती दिसायची. साधी गाठ असली तर शेजाऱ्याला नुसती कोपरखळी मारते, आपल्या कुंपणात राहते. वाईट असली तर भिंत फोडून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरते. कोण कुठे शिरलंय, हे बघायचं बाईंचं काम. त्यावर ठरायचं, माणूस उद्या घरी जाणार की टेबलावर.

आता ती गोष्ट सांगतो. बाईंना विचारूनच सांगतोय, आणि जिची गोष्ट आहे तिलाही विचारलंय.

बस स्टँडवर एक अनाऊन्सर बाई होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली तासभर उशिरा येतेय, हे सांगणारा त्यांचा आवाज गावातल्या पोराटोरांनाही पाठ. तो आवाज बसला. महिना झाला, दोन झाले, सुधारेना. आमच्या घशाच्या डॉक्टरसाहेबांनी नळी घालून पाहिलं, तर स्वरतंतूवर फोड. त्याचा तिळाएवढा तुकडा काढून आमच्याकडे पाठवला.

डॉक्टरसाहेब, हसा हसा, तुम्ही आहात या गोष्टीत!

त्या दिवशी मी घोड्यावर बसलेलो. सकाळपासून पन्नास वड्या कापल्या होत्या, आणि शेजारच्या टेबलावरच्या ताईंना फुशारकीने सांगत होतो, "यंत्र थकेल, मामा थकणार नाही!" ताई म्हणाल्या, "मामा, यंत्राला निदान तेल तरी घालतात. तुम्ही आधी डबा खा." मी कसला ऐकतोय!

आमच्या कामात एक साधा नियम आहे. एका पेशंटचा काप उचलला की दुसऱ्याचा सोडायच्या आधी पाण्यावरून कागदाची पट्टी फिरवायची. का? तर पहिल्याचा एखादा कण पाण्यावर तरंगत राहिला, तर तो दुसऱ्याच्या कापाला चिकटतो. डोळ्याला दिसतही नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली एका माणसाच्या काचेवर दुसऱ्याचा आजार येऊन बसतो.

दुपारी दोनच्या सुमारास बाईंनी मला आत बोलावलं. सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता विचारलं, "मामा, या बाईंचं काम काय?" त्यांची ही सवय सगळ्यांना माहीत आहे. काचेवरचा माणूस काय करतो, हे त्यांना कळायलाच हवं. मी म्हणालो, "स्टँडवर ओरडतात." बाई म्हणाल्या, "मग हा फोड बरोबर आहे. ओरडून ओरडून सुजलेला. पण कडेला हा एवढासा कण आहे, तो चांगलाच वाईट आहे. ही दोन माणसं एका घरात राहतात असं मला वाटत नाही." आणि मग मान वर केली. "पाण्यावर कागद फिरवला होता ना?"

मी म्हणालो, "हो."

मंडळी, मी खोटं बोललो. माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभं होतं. त्याच्या आधीची वडी गालाच्या कॅन्सरची होती, आणि त्या दोन वड्यांच्या मध्ये मी ताईंशी थट्टा करत होतो. पट्टी हातात घेतलीच नव्हती. पण नववी शिकलेल्या माणसाने तेरा वर्षं घासून मिळवलेलं नाव होतं हो! बाई सगळ्यांना सांगायच्या, "मामांचा काप आहे, डोळे मिटून बघा." तेवढं एक "हो" बोलून मी ते नाव वाचवायला गेलो.

बाहेर आलो तर फोन वाजत होता. हेच आपले डॉक्टरसाहेब. "मामा, स्वरतंतूचं काय झालं? चारपर्यंत सांगा. वाईट असेल तर उद्या सकाळी पहिलीच केस घेतो, उगीच पसरू द्यायला नको." साहेबांचं काही चुकत नव्हतं. पेशंटच्या भल्यासाठीच घाई होती. मी घाबरत विचारलं, "मग त्यांचा आवाज?" साहेब म्हणाले, "जीव वाचवू आधी. आवाजाची खात्री मी देत नाही."

डबा उघडला आणि नुसता समोर ठेवून बसलो. वाटलं, बाई हुशार आहेत, त्यांना कळेलच. मग वाटलं, आणि नाही कळलं तर? त्या माझ्या "हो"वर भरवसा ठेवून बसल्या तर? कण वाईट आहे, मामा म्हणतात कागद फिरवलाय, म्हणजे कण या पेशंटचाच. हिशोब सरळ लागतो की! म्हणजे आता त्या बाईचा घसा माझ्या एका शब्दावर टांगलेला. मी डबा तसाच उघडा टाकला आणि आत गेलो.

"बाई, मघाशी मी खोटं बोललो. कागद फिरवला नव्हता."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "आधीची वडी कुणाची होती?"

"गालाची. म्हातारे गृहस्थ."

"त्यांची काच आणा. आणि ही वडीही घेऊन या. पुन्हा कापायची."

आता माझी पाचावर धारण बसली. तुकडा तिळाएवढा! त्यातला बराचसा आधीच कापला गेलेला. यंत्राला वडी लावताना जरा वाकडी बसली, तर उरलेला तीळ भुशासारखा उडून जाणार. मग त्या बाईंच्या घशात पुन्हा नळी, पुन्हा चिमटा. मी म्हणालो, "ताईंना सांगतो, त्या कापतील. माझा हात थरथरतोय."

"चहा घेतलात?"

"नाही."

"मग आधी घ्या. थरथरत्या हाताचे काप मला नकोत. पण कापायचं तुम्हीच. ही वडी कुठे किती कापली गेलीय, ते तुमच्या हाताला माहीत आहे."

चहा घेतला. पाणी बदललं, पातं बदललं. ताई काही न विचारता शेजारी येऊन उभ्या राहिल्या, कागदाची पट्टी हातात धरून. आयुष्यात एवढ्या हळू मी यंत्राचा दांडा कधी फिरवला नव्हता. बारा काप मिळाले. तेरावा नुसत्या मेणाचा होता.

बाईंनी एकेक काच लावली. पहिली. "नाही." दुसरी. "नाही." बाराच्या बारा पाहिल्या. मग त्या म्हाताऱ्या गृहस्थांची काच लावली आणि पहिली, म्हणजे भानगडीची काच, पुन्हा पाहिली. म्हणाल्या, "मामा, बसा इथे. बघा." मी बसलो. कण आणि काप एकदम स्पष्ट दिसेनात. कापावर नजर जमवली की कण धूसर, कणावर जमवली की काप धूसर. दुसऱ्याच्या सतरंजीवर चढून बसल्यासारखा तो वर बसलेला. आणि गालाच्या काचेवर त्याचे सगळे भाऊबंद, हुबेहूब तसेच! खाली त्या अनाऊन्सर बाईंची वस्ती कशी निवांत पहुडलेली. सुजलेली, पण निवांत.

चारला पाच मिनिटं कमी असताना बाईंनी साहेबांना फोन केला. "साधा फोड आहे. उद्याची केस रद्द करा."

वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! बाई मला घेऊन थेट वॉर्डात गेल्या आणि पेशंटसमोर उभं करून म्हणाल्या, "आमच्या विभागाची चूक झाली होती, ती वेळेत सापडली. तुम्हाला कळायला हवं, म्हणून सांगतेय." मी हात जोडले. त्या बाईंना बोलायची मनाई होती. त्यांनी पाटीवर लिहिलं, "म्हणजे मी बोलू शकेन?" बाई म्हणाल्या, "आठ दिवस गप्प राहिलात तर." त्यांनी पुन्हा लिहिलं, "आमच्या सासूबाईंना आठच सांगा. नाहीतर त्या महिना मागून घेतील."

त्या हसल्या, बाई हसल्या. मी भिंतीकडे तोंड फिरवून काय केलं, ते सांगत नाही.

परत येताना जिन्यात मी विचारलं, "बाई, मी आत आलोच नसतो तर?" त्या म्हणाल्या, "वडी मी पुन्हा कापायला सांगणारच होते, मामा. नुसत्या एका कणावर मी सही करत नाही. पण मग ती ताईंकडून कापून घेतली असती. ती, आणि पुढच्याही."

मंडळी, त्यानंतर सतरा वर्षं बाईंनी माझेच काप पाहिले. माझ्या कपाटात प्रशस्तिपत्रं चार आहेत. पण मी मनाशी धरून बसलोय ती ही सतरा वर्षं. विभागात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी ही गोष्ट माझ्याच तोंडून त्याला ऐकवायची, अशी बाईंनी प्रथा पाडली. आधी लाज वाटायची. मग मीच त्यात मीठमसाला घालायला लागलो, तेव्हा बाई दारातून म्हणायच्या, "मामा, जेवढं झालं तेवढंच."

बाई, आज तुम्ही जाताय. तुमचे यजमान इथे पहिल्याच रांगेत बसलेत. यजमानसाहेब, तुम्हाला एक सूचना करतो. बाईंनी "नक्की ना?" असं विचारलं की खरं ते सांगून मोकळे व्हा. मी आडवळणाने जाऊन पाहिलंय, उपयोग नाही.

अध्यक्षांनी मला पाचाची पंधरा मिनिटं करू दिली, संयोजकांनी खुर्ची आणि पाणी दिलं, तुम्ही सगळ्यांनी कान दिलेत, मी ऋणी आहे. आता रिवाजाप्रमाणे मी म्हणायला हवं की बोलताना काही चुकलं असेल तर पोटात घाला. पण बाईंसमोर ते म्हणायची माझी छाती होत नाही. तेव्हा कुणाला काही चुकलेलं आढळलं असेल, तर कृपा करून आत्ताच सांगा. मी अजून व्यासपीठावरच आहे.