न दिलेला खो

माई, वडीलधारी मंडळी आणि विजूताईच्या मैदानावरच्या मुलींनो,

मला भाषण येत नाही. घरच्या जास्वंदीची चार फुलं वाहायची आणि मागं जाऊन बसायचं, असं ठरवून आले होते. पण आज बोलले नाही, तर पुन्हा कधी बोलणार?

विजूताई गेल्या मंगळवारी गेली. नुकती कुठं तिशी उलटली होती. नाशिक रोडच्या या मैदानावर तिनं किती मुलींना खो-खो शिकवला, ते तुम्ही सगळ्यांनी सांगितलंत. मी त्याच्या आधीचं सांगते. ती आमची कप्तान होती, तेव्हाचं.

ती जुन्या अकरावीत होती. शाळेतल्या मोठ्या मुलींची लग्नं ठरत गेली, म्हणून संघात आम्हा आठवीच्या कच्च्या पोरींना घेतलं. मी तर पाठीमागं पाऊल वाजलं की उठायची. ताई म्हणायची, "अगं, दूध उतू गेल्यासारखी काय उठतेस? पाठीवर हात पडू दे, खो ऐकू येऊ दे, मग ऊठ." रागवायची नाही. पुन्हा बसवायची. पुन्हा पळायची. वीसदा, तीसदा.

माझ्या वडिलांनी बजावलं होतं, "एक तक्रार आली की खेळ बंद." ते ताईला ठाऊक होतं.

मालेगावच्या मुलींशी शेवटचा सामना होता. त्यांची एकच मुलगी आऊट व्हायची राहिली होती. ताई तिच्या मागं, अगदी हातभर अंतरावर. ताई माझ्या पाठीमागून गेली आणि मी उठले. शिट्टी झाली. फाऊल! ती मुलगी निसटली, वेळ संपली. थोडक्यात हरलो.

सर ओरडतच आले, "चूक कुणाची?" माझे वडील कुंपणाशी उभे होते. ताई पुढं झाली. "माझी, सर. मी तोंडानं खो म्हटलं, पण हात लागलाच नाही."

तिनं खो म्हटलंच नव्हतं. ती पुढच्या मुलीला खो देणार होती.

मी तोंड उघडलं नाही. माझा खेळ आणखी दोन वर्षं चालला. ताईचं नाव मात्र जिल्ह्याच्या निवडीतून गेलं. गल्लीत तिला चिडवायचे, "कप्तानालाच खो देता येईना!" ती हसायची. माई, तुम्ही तिची आई, पण तुम्हीसुद्धा परवा-परवापर्यंत म्हणत होतात, "आमच्या विजीनं हातातली मॅच घालवली." ते ऐकत मी तुमच्याकडे चहा प्यायले आहे.

माझ्या लग्नानंतर एकदा तिला विचारलं, "ताई, आता माईंना सांगू का?" म्हणाली, "कशाला? तू पुढं खेळलीस ना? झालं तर मग." मला ते सोयीचं होतं. रोज देवापुढं दिवा लावते, पण हे तिथंही कधी नीट बोलले नाही. ती असताना सांगायला हवं होतं. मी उशीर केला.

माई, मॅच विजूताईनं नाही घालवली. मी घालवली.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या. माई, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही बसूनच राहा. मी तुमच्याजवळ येऊन उभी राहते. रागवायचं असेल, तर त्यानंतर रागवा.