पोपटाचं नाव अण्णा

सोलापूरच्या घरी आम्ही एका रानपोपटाला अण्णा म्हणायचो. हसू नका, आधी ऐका.

चौऱ्याहत्तरचा उन्हाळा होता. अंगणातल्या लिंबावर जांभळ्या डोक्याचा एक पोपट यायचा. पाळलेला नव्हे, माणूस दिसलं की उडणारा. एका दुपारी तो घोगऱ्या पुरुषी आवाजात म्हणाला, “नीलव्वा, बारव्वा!”

आम्ही भावंडं खिदळलो. आईच्या हातातलं सूप मात्र खाली पडलं.

“नीलव्वा कोण गं?” मी विचारलं.

“मी,” आई म्हणाली. लग्नात बदललेलं तिचं माहेरचं नाव आम्हाला ठाऊकच नव्हतं. “माहेरी, मैंदर्गीच्या विहिरीवरनं आमचा थोरला भाऊ, अण्णा, अशीच कानडीत हाक मारायचा, ‘बारव्वा’, म्हंजे ‘ये गं’ म्हणून. त्याच विहिरीत बुडाला की तो, माझ्या लग्नाआधी.”

तेव्हापासून पोपटाचं नाव अण्णा पडलं.

वडील समजूत घालायला म्हणाले, “अगं, पोपट काय, कानावर पडलेलंच बोलतो.”

आई पांढरीफटक पडली. “म्हंजे अण्णा अजून हाका मारतोय तितं?”

दुसऱ्या दिवशी वडील तिला घेऊन मैंदर्गीला गेले. विहिरीच्या काठावर उभी राहून ती म्हणाली, “बंदे, अण्णा.” म्हणजे, आले रे.

पोपट नंतरही यायचा, पण बोलला कधीच नाही.

पुढे एकदा वडिलांनी गमतीनं हाक मारली, “नीलव्वा!”

आईनं मान वर केली नाही. म्हणाली, “ती हितं न्हाय. ती तितंच ऱ्हायली.”