तळघरातलं हॅम्बर्ग

त्या दिवशी सकाळपासून बर्फ, त्यात वारा असा की समोरचं घर मधूनच पुसलं जायचं, आणि अशात आमचा शंतनू म्हणतो, "नाना, खाली जा, हॅम्बर्ग फिरून या." तुम्हाला सांगतो, खाली म्हणजे तळघरात. अमेरिकेत, श्रूजबरीतल्या या घराच्या तळघरात पोरानं ट्रेडमिल आणून ठेवलीय, समोर टीव्ही, आणि टीव्हीवर जर्मनीतलं हॅम्बर्ग, जुनं बंदर. कुणीतरी छातीला कॅमेरा बांधून गल्लीबोळ हिंडलाय, तो हिंडेल तसं आपण पट्ट्यावर चालायचं. का, तर डॉक्टर म्हणाला, "आजोबांच्या पायात गुठळी आहे, बसून राहिले तर वर चढेल." वर म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही... चालतोय आपला.

चाळीस वर्षं तेलाचा घाणा चालवला मी. बैल दिवसभर चालायचा आणि तिथल्या तिथेच असायचा, पण त्याच्या डोळ्यांवर झापडं होती हो. मला सगळं दिसतं. लाल विटांच्या उंच वखारी, मधून काळं पाणी, धुकं, आणि तो चालणारा माणूस काही दिसत नाही, नुसते बूट वाजतात टक टक, त्याचे की माझे तेही कळेना. थांबावं म्हटलं तर खालून पट्टा ओढतो. चालतोय आपला.

बाविसाव्या मिनिटाला एक पूल येतो, पुलाच्या टोकाला बाक, बाकावर एक म्हातारा. लोकरी टोपी, हातात काठी, माझ्याच वयाचा. बाकीचे कुणी बघत नाहीत, हा बघतो. रोज. मी शाळा पाहिली नाही, पण चित्र आहे एवढं मला कळतं, तरी दोन महिने कुणी रोज आपल्याकडे बघत असेल तर हात जोडल्याशिवाय पुढे कसं जायचं? नात सिया म्हणते, "आजोबा, ही कान्ट सी यू." म्हटलं, बाळा, वरच्या मजल्यावर तरी मला कोण बघतंय, सगळे लॅपटॉपात.

तर त्या दिवशी पूल आला, बाक आला... म्हातारा नाही. हात जोडलेले तसेच राहिले, पाय थबकले, आणि पट्ट्यानं मला नेऊन मागच्या भिंतीला टेकवलं. शंतनू धावत आला. "नाना, व्हिडिओ बदललाय मी, हा यंदाचा आहे. आधीचा सहा वर्षांपूर्वीचा होता."

"मग सहा वर्षांत तो उठून गेला कुठे?"

पोरगं पट्टा बंद करायला वाकलं. त्याच्या मागून आलेली सूनबाई, आश्लेषा, म्हणाली, "थंडी आहे ना नाना, घरात बसले असतील."

म्हटलं, बाई, बसून राहिलं की काय होतं ते डॉक्टरनं सांगितलंय ना.

मला काही त्या रिकाम्या बाकासमोरून पुन्हा चालवेना. शंतनूचा कोट चढवला आणि दार उघडून बाहेर पडलो, दोन महिन्यांत पहिल्यांदा. अंगणात चार पावलं टाकली, खरी. समोरच्या विनीताताई फावड्यानं बर्फ काढत होत्या. मला बघून त्यांचं फावडंच गळालं. रस्ता ओलांडून आल्या, माझा दंड दाबून बघितला, आणि म्हणाल्या,

"अगंबाई, नाना, आहात तुम्ही? इतके दिवस दिसला नाहीत, शंतनूला विचारायला जीभ रेटेना हो. परवा दुखवट्याचं सिंपथी कार्डसुद्धा आणलं, आमच्या दोघांची नावं घालून. असू दे आता, ठेवते जपून."