खाणीच्या वाटेवर बंद पडलेलं इंजिन

ऐका. ती लाकडं जरा पुढं सारा, आणि ऐका.

मंगळवार होता. रोजच्यासारखाच. शिदू मिस्त्री शेडमध्ये बसून वॉल्व्ह घासत होता. डिझेल इंजिनाचा मिस्त्री. आमच्या द्राक्षबागांच्या पट्ट्यात त्याच्या हाताला तोड नव्हती. दुपारी दोनच्या सुमाराला दूधवाला महादू सायकल टाकून आत आला.

"मिस्त्री, येसूतात्याचं काही खरं नाही. आजची रात्र निघंल असं वाटत नाही. तुमचंच नाव काढतोय सारखं. पाचची एस.टी. धरा."

येसू म्हणजे शिदूचा थोरला भाऊ. त्याला मूलबाळ नाही. पाठीवर हा एकच भाऊ. आणि दोघांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. का? तर एका दसऱ्याला, चार पाहुण्यांसमोर, येसूदादा हसत हसत बोलून गेला, "आमच्या शिद्यानं हात लावला की चालू इंजिन बंद पडतं." एवढंच. शिदू ताटावरून उठला तो परत त्या उंबऱ्यावर गेला नाही. हसू नका. तुमच्यापण घरात असलं काहीतरी असंलच.

आता ऐका, माणूस कुठं चुकतो ते. शेडच्या कोपऱ्यात बागेतला एक छोटा जुना ट्रॅक्टर होता. भंगारातून आणलेला, एका सिलिंडरचा, हँडल मारून चालू करायचा. शिदूच्या मनात आलं, हाच चालवत दादाच्या दारात जायचं. खाटेवरून त्याला आवाज ऐकू द्यायचा.

महादू म्हणाला, "ह्या धुडावर? वरातीला निघालाय का?"

"तू हो पुढं. मी आलोच."

पाचची एस.टी. गेली. शिदूनं ती जाताना बघितली, हातात पाना घेऊन. इंजिन सुरू झालं तेव्हा दिवे लागले होते.

सडकेनं लांब पडतं म्हणून त्यानं खाणीची वाट धरली. वाट कसली, दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. चांगला चालला होता गडी. बंद पडलेली दगडाची खाण आली, आणि खाणीच्या तोंडाशी इंजिन दोनदा खोकलं, बंद पडलं. गप्प! रातकिडेसुद्धा गप्प!

तिथून दादाचं गाव दीड मैल. दिवे दिसत होते.

काय म्हणालीस? चालत का नाही गेला? बाई, हेच तर सांगतोय.

शिदूनं फडकं अंथरलं, पाने मांडले. हँडल मारलं. नाही. परत मारलं. नाही. तेवढ्यात मागून आवाज आला.

"हवा धरली असंल."

वळून बघतो तर धोंड्यावर एक म्हातारा. अंगावर घोंगडं, तोंड अंधारात. वाटसरू असंल म्हणून शिदूनं मनावर घेतलं नाही. आणि सल्ला तर बरोबर होता! त्यानं डिझेलची नळी ढिली केली, बुडबुडे जाऊ दिले, नळी आवळली. हँडल मारलं. चार ठोके पडले, इंजिन बंद.

"फिल्टर बघ."

फिल्टर बघितला. कचरा होता. साफ केला. चार ठोके, बंद.

"टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असंल." तेही बुजलेलं होतं! काडीनं मोकळं केलं. चार ठोके, बंद.

चकवा वाट चुकवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. हा वेळ चुकवत होता. आणि तेही खोटं न बोलता.

एकदा शिदू उठला. म्हणाला, "राहू दे, चालत जातो." तर म्हातारा म्हणतो, "उघडं इंजिन टाकून? मिस्त्री ना तू?" आणि शिदू खाली बसला. मिस्त्री लोकांची ती रीतच असते, उघडलेलं बांधल्याशिवाय हात धुवायचे नाहीत. नोझल खोलायला गेला तर चौदा नंबरचा पाना नाही. इथंच तर ठेवला होता! म्हाताऱ्यानं घोंगड्यातून हात काढला. हातात पाना. शिदूनं घेतला तर बर्फासारखा गार. तरी घेतला बघा! नोझल साफ करून परत बसवलं. चार ठोके, बंद.

समोर गावातले दिवे एकेक करून मालवत होते. शिदूला ते दिसत होते. पण प्रत्येक वेळी वाटायचं, एवढंच एक बघू, आता होईलच.

मग आवाज बदलला.

"शिद्यानं हात लावला की चालू इंजिन बंद पडतं."

येसूदादाचा आवाज! तोच. हसणंपण तेच. शिदूचं डोकं फिरलं. नऊ वर्षांचा राग दंडात आला. त्यानं हँडल धरलं.

"तसं नाही," दादाचाच आवाज मायेनं म्हणाला. "अंगठा पलीकडून वळव. मूठ घट्ट कर."

शिदूचा अंगठा निम्मा वळलासुद्धा. आणि तिथंच थांबला. कारण चौदाव्या वर्षी त्याला हँडल मारायला शिकवलं ते येसूदादानंच. अंगठ्यावर छडी मारून शिकवलं, की अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे, नाहीतर मनगट मोडतं. दादा असं सांगणारच नाही!

अंगठा बाजूला घेऊन त्यानं हँडल मारलं, आणि उलटा झटका बसला. हँडल कानाजवळून सूं करत गेलं आणि खडकावर खणकन आपटलं. आणि इंजिन सुरू झालं! पण उलटं. चाक उलटं फिरतंय, धूर हवा ओढायच्या तोंडातून बाहेर पडतोय, आणि धोंड्यावर नुसतं घोंगडं. आत कुणी नाही. घोंगडं हसतंय!

शिदू पळाला. पाने, फडकं, ट्रॅक्टर, सगळं टाकून पळाला. मागं इंजिनाचा आवाज गावच्या वेशीपर्यंत येत राहिला.

दारात माणसं बसली होती. अंगणात गोवऱ्या पेटवलेल्या दिसल्या, तेव्हाच त्याला कळलं. तासाभरापूर्वीच दादा गेला होता. वहिनी त्याचे काळे हात बघत राहिल्या. म्हणाल्या, "चालत आला असतात भावजी, तरी चाललं असतं."

तेव्हा त्या वाटेनं रात्रीचं जाऊ नका. गेलात आणि काही बंद पडलं, तर तिथंच सोडा आणि चालायला लागा. कुणी कितीही बरोबर सांगू दे.

येसूदादाच्या तोंडात शेवटचं पाणी वहिनींनी घातलं. ते धाकट्या भावानं घालायचं होतं. ते राहिलं.