वाट्यांवरचे डाग

सोनाबाई : शिमग्यात आलेलं पत्र, अन् दिवाळी झाली तरी पुस्तकात दडवून ठेवलंस? रं पोपट, त्या बाईनं तुझी इस्टेट मागितली व्हती का?

पोपटराव : कायतानच्या बायकोचं आहे, आक्का. मडगावहून. कायतान गेला.

सोनाबाई : खोपोलीच्या गिरणीतला आचारी? अरे देवा! त्या मैद्याच्या वाट्या करायचा, आत पिवळं कस्टर्ड. पोर्तुगीज सायबाच्या घरी शिकलेला. तू रुमालात बांधून आणायचास.

पोपटराव : त्याच वाट्या. नाताळानंतर मुलीचं लग्न आहे. बापाच्या हातचं काहीतरी वाढायचं म्हणते. त्याला लिहिता येत नव्हतं. मी कँटीनचा कारकून, म्हणून कृती माझ्या वहीत आहे.

सोनाबाई : मग धाडायला काय झालं?

पोपटराव : अर्धीच आहे. सामान सांगून झालं, भट्टीचं सांगणार तेवढ्यात भोंगा वाजला. उरलेलं उद्या, म्हणालो. तो उद्या आलाच नाही. अर्धवट कळवून लग्नात त्याचं नाव कशाला घालवू?

सोनाबाई : मग पुरी कर. अंडी घरचीच हायेत.

पोपटराव : भट्टी कुठाय? वरूनही आच लागते.

सोनाबाई : काकडीचं धोंडस कसं भाजतो आपण? खाली निखारं, झाकणावर निखारं. एवढी पुस्तकं वाचलीस, चुलीकडं नाय कधी बघितलंस.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, चुलीपाशी.)

पोपटराव : उघड, आक्का! करपल्याचा वास येतोय.

सोनाबाई : दम धर की! मैद्याच्या घड्या चिरोट्यावाणी घातल्यात, त्या फुलू देत... हां. आता बघ.

पोपटराव : गेलं सगळं. वर काळे डाग पडलेत. मला हे जमणार नाही, मी म्हणालोच होतो.

सोनाबाई : तू कुठं काय केलंस? तू नुसता वही धरून बसलायस. खा. सांभाळून, चटका बसंल.

पोपटराव : (एक घास खातो आणि वही मिटतो.)

सोनाबाई : का रं? वाईट झालीय?

पोपटराव : मॅनेजरसाहेबांनी एकदा ताटली परत धाडली होती. करपल्यात म्हणून. कायताननं तीच पुन्हा त्यांच्यापुढं नेऊन ठेवली. म्हणाला, साहेब, डाग नसेल ती कच्ची. मी तिथंच उभा होतो, आक्का. साफ विसरलो होतो.

सोनाबाई : घे, आणि एक खा. अन् आजच लिव्ह.

पोपटराव : आधी माफी कशी मागायची, तेच सुचत नाही.

सोनाबाई : निखाऱ्यांचं लिव्ह आधी. माफी मागाहून.

*

सोनाबाई : पेटीसमोर येऊन किती येळ पत्ता वाचणार? टपालवाला थैली घेऊन जाईल.

पोपटराव : माफीचं वाक्य नीट उतरलेलं नाही. घरी नेऊन पुन्हा एकदा...

सोनाबाई : शेवटाला काय लिवलंस?

पोपटराव : डाग पडले तर भिऊ नका, असं.

सोनाबाई : मग झालं की.

पोपटराव : टाकू?

सोनाबाई : मला नको इचारू.

पोपटराव : ...टाकलं.